टायर ट्रॅकचा की रस्त्याचा?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये नवी स्पोर्ट बाइक उभी राहिली की दोन मिनिटांत तिच्याभोवती घोळका जमतो. आधी एक्झॉस्टच्या आवाजावर चर्चा होते. मग कोणीतरी खाली वाकून मागचा टायर बघतो आणि म्हणतो, 'अरे, एवढी चिकन स्ट्रिप? बाइक झोपवतच नाहीस की काय?' टायरच्या दोन्ही कडांना न घासलेल्या रबराची जी पट्टी उरते, तिला रायडर मंडळी चिकन स्ट्रिप म्हणतात. अर्थ सरळ आहे, मालक घाबरट! मग पुढच्याच रविवारी हा 'घाबरट' ताम्हिणी घाटात ती पट्टी पुसायला निघतो. त्याआधी कुठलेतरी व्हिडिओ बघून बाइकला 'ट्रॅकवाला' टायरही बसवून घेतो.

मी हे सगळं केलंय. थर्ड इयरला असताना रेसमध्ये वापरलेला एक सॉफ्ट टायर ओळखीतून निम्म्या किमतीत मिळाला होता. आठवडाभर पार्किंगमध्ये भाव खाल्ला. मग जूनचा पहिला पाऊस आला आणि पौडच्या अलीकडे झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक सटकलं. वेग जेमतेम पंचवीस. क्लच लिव्हर तुटला, इंडिकेटर गेला, गुडघा सोलला. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब. टायरमध्ये काहीच खराबी नव्हती. चूक माझी होती, कारण तो ज्या जागेसाठी बनला होता, तिथे मी त्याला चालवतच नव्हतो.

म्हणूनच तुमची बाइक आर वन फाइव्ह असो, ड्यूक असो, अपाचे असो की आरसी, टायर बदलायच्या आधी एवढं वाचून घ्या.

सगळा खेळ गरमीचा

बाइकचा टायर एका वेळी रस्त्याला किती टेकलेला असतो? साधारण तुमच्या तळहाताएवढा. ब्रेक, वळण, पिकअप, सगळं त्या दोन तळहातांवर चालतं. तिथलं रबर किती धरून ठेवेल हे बऱ्याच अंशी त्याच्या तापमानावर ठरतं.

ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरचं रबर मऊ असतं आणि ते चांगलं तापल्यावरच खरी पकड देतं. मोटोजीपीमध्ये शर्यतीआधी टायरवर गरम कव्हर गुंडाळलेली दिसतात, ती याचसाठी. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बुद्ध सर्किटवर पहिल्यांदा भारतात मोटोजीपी झाली, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी ती कव्हरं टीव्हीवर पाहिली असतील. ट्रॅकवर प्रत्येक लॅपला जोरदार ब्रेक, खोल वळण आणि पुन्हा फुल थ्रॉटल असतो, त्यामुळे टायर तापतो आणि तापलेलाच राहतो.

आता तुमचा रोजचा रस्ता आठवा. सकाळी साडेसातच्या लेक्चरला जाताना चार सिग्नल, दोन स्पीडब्रेकर आणि मध्ये पाच मिनिटांचं ट्रॅफिक. इथे ट्रॅकचा टायर कधी तापतच नाही. थंड राहिलेलं ते रबर साध्या टायरपेक्षाही कमी पकड देऊ शकतं. वर हायवेला सरळ चालवून त्याचा मधला भाग चपटा होतो, पैसे लवकर संपतात आणि कडा मात्र कोऱ्याच राहतात.

रस्त्यासाठीच्या टायरचं गणित उलटं आहे. तो थंड असतानाही काम करायला हवा, पावसात चालायला हवा आणि हजारो किलोमीटर टिकायला हवा. अनेक चांगल्या टायरमध्ये मधला पट्टा कडक आणि कडेचं रबर मऊ असतं, म्हणजे सरळ रस्त्यावर टिकाऊपणा आणि वळणावर पकड. पण हाच टायर ट्रॅकवर सलग जोरात चालवला तर जास्त तापतो आणि वळणात 'वाहतोय' असं वाटायला लागतं. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

नक्षी पाण्यासाठी असते

टायरवर जास्त नक्षी म्हणजे जास्त ग्रिप, हा समज मनातून काढून टाका. कोरड्या रस्त्यावर पकड रबर देतं, खाच देत नाही. म्हणून तर रेसचे स्लिक टायर पूर्ण गुळगुळीत असतात. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाजूला काढणं. ते निघालं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक दाबून उपयोग नसतो. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. कोकणात, घाटमाथ्यावर त्याहून जोराचा. त्यामुळे स्लिक किंवा नावापुरत्या खाचा असलेला टायर रस्त्यावर नकोच. अशा काही टायरवर ते सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीत, असं कंपनीनेच छापलेलं असतं.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

दुकानात जाण्याआधी स्वतःच्या बाइकचा टायर वाचा. उदाहरणार्थ १४०/७० आर १७, ६६ एच. यातले १४० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा व्यास इंचात. ६६ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे त्या टायरवर ३०० किलोपर्यंत भार चालतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. पी असेल तर १५०, एस असेल तर १८०. कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचा निर्देशांक किंवा खालचं अक्षर घेऊ नका.

आणखी एक चौकोनी किंवा लंबगोल चौकटीतला चार अंकी आकडा शोधा. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. 'नवीन' म्हणून तीन-चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर गळ्यात मारला जातोय का, हे यावरून लगेच कळतं. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तोही बसवून झाल्यावर एकदा बघा.

आणि रुंद टायरचा मोह? १४० च्या जागी १५० किंवा १६० बसवला की मागून बाइक दणकट दिसते, हे खरं. पण रिम तीच राहते. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटल्यासारखा बसतो, त्याची गोलाई बिघडते, बाइक वळायला जड होते, कधी चेनला किंवा स्विंगआर्मला घासते. फोटो चांगला येतो, बाइक मात्र बिघडते.

मग घ्यायचा कोणता?

तुमचं रायडिंग म्हणजे कॉलेज, शहर आणि महिन्यातून एखादी लोणावळा किंवा महाबळेश्वर ट्रिप असेल, तर चांगला रोड टायर किंवा स्पोर्ट-टूरिंग टायर घ्या. एमआरएफ, अपोलो, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप या आपल्याकडच्या कंपन्यांचे पर्याय आहेत. मोठ्या बाइकसाठी मिशेलिन, पिरेली, मेत्झेलर आहेत. नावापेक्षा पावसातली पकड आणि तुमच्या बाइकचा साइज आधी बघा.

वर्षातून एकदा-दोनदा ट्रॅक डे आणि बाकी सगळं रस्त्यावर असेल, तर स्पोर्ट प्रकारातला रोड टायर पुरतो. तो रस्त्यावर लवकर तापतो, पावसात विश्वासाने चालतो आणि ट्रॅकवर नवशिक्याला लागेल त्याहून जास्तच पकड देतो.

खरा ट्रॅक टायर तेव्हाच घ्या, जेव्हा तुम्ही नियमित ट्रॅकवर जाता, बाइक टेम्पोत घालून नेता आणि रस्त्यासाठी दुसरा सेट किंवा दुसरी बाइक असते. कॉलेजच्या खिशात हे सहसा बसत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

पहिला ट्रॅक डे असेल तर

महाराष्ट्रातल्या मुलांना ट्रॅकसाठी बहुधा लांब जावं लागतं. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा साधारण ३.७ किलोमीटरचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट. जाण्या-येण्यातच बराच खर्च होतो. म्हणून पहिल्या वेळी टायरवर पैसे उडवू नका. बाइकवर आहेत ते कंपनीचे टायर चांगल्या स्थितीत असतील तर तेच चालतील. वाचलेले पैसे चांगल्या सूटच्या भाड्यात, ग्लोव्ह्जमध्ये आणि नव्या ब्रेक पॅडमध्ये घाला.

टायरची नक्षी झिजून आतल्या खुणेपर्यंत आलेली नसावी. भेगा, फुगवटा, पंक्चरचे ठिगळ असतील तर तो टायर ट्रॅकवर नेऊ नका. टायर नवा असेल तर आधी शे-दीडशे किलोमीटर रस्त्यावर शांतपणे चालवून घ्या. कोऱ्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो आणि नवीन टायरवर पहिल्याच दिवशी पडणारे कमी नाहीत. ट्रॅकवरसुद्धा पहिले दोन लॅप टायर तापवण्यासाठीच असतात.

हवेचं विसरू नका. टायर तापला की आतला दाब वाढतो, म्हणून ट्रॅकवर थंड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतात. किती कमी, हे टायर कंपनीच्या सल्ल्यावरून किंवा तिथल्या इन्स्ट्रक्टरला विचारून ठरवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. आणि परत रस्त्यावर उतरण्याआधी बाइकच्या स्टिकरवर लिहिलेला दाब आठवणीने भरा. कमी हवेवर हायवेला निघालात तर टायरच्या भिंती तापतात आणि एका खड्ड्यात रिम वाकते.

पट्टी असू द्या

ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. वळणापलीकडे उलटा येणारा डंपर नसतो, सांडलेलं डिझेल नसतं, गुरं नसतात. घसरलात तर बाजूला मोकळी जागा असते, ॲम्ब्युलन्स उभी असते. घाटात यातलं काहीही नसतं. तिथे टायरची कड पूर्ण घासली गेली, म्हणजे तुम्ही अचानक काही आडवं आलं तर वापरायची शिल्लक पकड आधीच खर्च करून टाकली आहे. रस्त्यावर चालवणाऱ्याच्या टायरवर थोडी पट्टी उरलेली असणं हे शहाणपणाचं लक्षण आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पार्किंगमध्ये कोणी तुमच्या टायरकडे बघून हसलं तर त्याला विचारा, 'तुझ्या टायरवर तारीख कुठली आहे रे?' बहुतेक वेळा त्याला तो आकडा कुठे असतो हेही माहीत नसतं. आणि आज घरी जाताना पंपावर थांबून हवा तेवढी तपासून घ्या. कित्येक दिवस राहिली असेल.