दिव्याचे तेल आणि विद्येचे दान

खेडोपाडी वीज पोहोचण्यापूर्वी रात्रीचा उजेड म्हणजे रॉकेलची चिमणी अथवा कंदील. तेल भेसळीचे निघाले तर तोच दिवा घराचा घात करी. ज्यांनी शुद्ध तेल विकून नाव व धन मिळविले, त्या चार्ल्स प्रॅट या अमेरिकन व्यापाऱ्याचे चरित्र म्हणूनच आपण जाणून घेण्याजोगे आहे.

प्रॅट यांचा जन्म १८३० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउन येथे एका सुताराच्या मोठ्या कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले. रंग व व्हेल माशाचे तेल विकणाऱ्या पेढीत नोकरी करून ते व्यापार शिकले. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि त्यांनी पुढे ब्रुकलिन येथे तेल शुद्ध करण्याचा कारखाना काढला.

खनिज तेल तापविले असता प्रथम नॅफ्था हा चटकन पेट घेणारा द्रव निघतो. लोभी कारखानदार तो रॉकेलातच राहू देत. त्यामुळे दिव्यांचे स्फोट होऊन माणसे भाजून मरत. प्रॅट यांनी तो काळजीपूर्वक वेगळा काढला. त्यांचे ‘ॲस्ट्रल’ तेल निर्धोक म्हणून दूरवर खपू लागले.

मात्र १८७४ साली त्यांनी आपला धंदा गुप्तपणे रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत सामील केला. रेल्वेकडून छुप्या सवलती मिळवून लहान व्यापाऱ्यांना बुडविणारी अशी त्या कंपनीची अपकीर्ती होती. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचे विभाजन करविले.

संपत्तीचा मोठा वाटा प्रॅट यांनी लोकांस दिला. कामगारांसाठी १८८६ साली हवेशीर घरांची मोठी इमारत उभी राहिली. १८८७ साली केवळ १२ विद्यार्थ्यांनिशी प्रॅट इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे स्त्रीपुरुष व वर्ण असा भेद न करता कला व उद्योग शिकविले जात. लगेच पुढल्या वर्षी तिचे ग्रंथालय सर्व नागरिकांस विनामूल्य खुले झाले. प्रॅट १८९१ साली वारले. संस्था आजही चालू आहे.

वाचकहो, या दानामुळे बुडालेल्या लहान व्यापाऱ्यांची दुकाने परत उभी राहिली नाहीत, हे विसरता कामा नये. तथापि ज्याला स्वतःला फारसे शिकता आले नाही, त्याने परक्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली. आपल्यापैकी ज्याच्या पदरी थोडेबहुत आहे, त्याने आपले माप चोख ठेवावे आणि गावातील एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा. एवढे तर आपल्याही आवाक्यात आहे.