छऱ्याची बंदूक : जुनी आणि नवी

पौष लागला म्हणजे उजनी जलाशयाच्या काठची ज्वारी हुरड्यास येते, आणि त्याच सुमारास भोरड्यांचे थवे कणसांवर उतरू लागतात. या दिवसांत कोणी ना कोणी तरुण शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसतो व विचारतो, "भाऊसाहेब, छऱ्याची बंदूक घ्यायची म्हणतो. तुमच्याकडे आहे तसली जुनी घ्यावी, की दुकानातली नवी? अन् तिनं शिकार होईल का?" महसूल खात्यात आमचा जन्म कारकुनीत गेला, बंदुकीच्या विद्येत आम्ही पंडित नाही. तथापि वडिलांची जुनी बंदूक आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ सांभाळली आहे, आणि गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने नवी आणल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. तेव्हा जे समजले ते येथे लिहितो.

प्रथम या बंदुकीची चाल ध्यानी घ्यावी. हिच्यात दारू नसते. नळी मोडून, अथवा खालचा दांडा ओढून, आतील पोलादी स्प्रिंग दाबली जाते व दट्ट्या मागे जाऊन अडकतो. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्या पुढची हवा क्षणार्धात दाबली जाऊन अत्यंत तप्त होते आणि ती छऱ्यास नळीबाहेर लोटते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड बोटाने दाबून धरले तर जे घडते, तेच येथे शतपट वेगाने घडते. छर्रा शिशाचा, कमरेशी बारीक व मागे पोकळ असतो; हवेच्या दाबाने त्याची मागची कड फाकते व नळीस घट्ट बसते.

आमच्या वडिलांची बंदूक बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची आहे. लिंकन जेफ्रीज नावाच्या कारागिराच्या रचनेवरून त्या कारखान्याने १९०५ पासून या जातीच्या बंदुका काढल्या. हिची नळी मोडत नाही. खाली दांडा आहे, तो ओढला की स्प्रिंग चढते, आणि वरच्या बाजूस एक तोटी फिरवून तीत छर्रा घालावयाचा असतो. नळी जागची हलत नसल्याने माशी व नळी यांचा मेळ वर्षानुवर्षे बिघडत नाही. दस्ता अक्रोडाचा, वजन भरपूर. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याची वाटी असते, तीच तिचा प्राण. ती वाळली की आक्रसते, हवा बाजूने निसटते आणि छर्रा पन्नास पावलांवर जाऊन मातीत लोळतो. म्हणून हिला अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्यावे लागतात. दोन म्हणजे दोनच. एकदा आम्ही उत्साहाच्या भरात चमचाभर तेल ओतले; त्या तप्त हवेत तेलाने पेट घेतला, खऱ्या बंदुकीसारखा आवाज होऊन नळीतून धूर निघाला, आणि स्प्रिंगचा एक वेढा तुटला. टेंभुर्णीच्या एका लोहाराकडून दुसरी स्प्रिंग घडवून घेतली. तीवर ती आजही चालते. जुन्या वस्तूचा हा गुण मोठा आहे : जे बिघडते ते गावात दुरुस्त होते.

आपल्या देशातही अशा बंदुका होऊ लागल्यास बराच काळ लोटला. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापिलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी नळांसाठी प्रसिद्ध; तिने छऱ्याच्या बंदुकाही काढल्या, आणि त्या आपल्या भागात पुष्कळांनी पाहिल्या असतील.

नव्या बंदुकीत चामड्याच्या जागी कृत्रिम द्रव्याची वाटी आली. तिला तेल नको. उलट तेल दिले तर वर सांगितलेला प्रकार घडतो, म्हणून जुन्या माणसांनी सवयीने तिच्यात तेल घालू नये. दस्ता बहुधा प्लास्टिकचा, पावसाने न फुगणारा. काही बंदुकांत तर स्प्रिंगच नसते. बंद नळकांड्यात दाबलेला वायू स्प्रिंगचे काम करतो. पोलादी स्प्रिंग चढवून तासन् तास ठेवली तर ती थकते, वायूस ते भय नाही. परंतु ते नळकांडे फुसके झाले की गावात कोणी हात लावीत नाही, बदलूनच आणावे लागते.

आता नेमबाजी. आम्ही आंब्याच्या खोक्यावर कागद लावून वीस पावलांवरून दोन्ही बंदुका चालवून पाहिल्या. वडिलांच्या बंदुकीचे पाच छर्रे रुपयाएवढ्या जागेत बसले. नव्या बंदुकीचे, पुतण्याच्या हातून, बशीभर पसरले. तो म्हणाला, "काका, वस्तूच खोटी दिली." वस्तू खोटी नव्हती. स्प्रिंगच्या बंदुकीस दोन धक्के असतात : दट्ट्या सुटताना ती मागे सरकते, आणि दट्ट्या टोकास आदळताना पुढे झेपावते, आणि या हालचाली छर्रा नळीत असतानाच सुरू होतात. जड जुन्या बंदुकीत हे धक्के जिरतात. हलक्या व जोरकस नव्या बंदुकीत ते दुणावतात. तिला आवळून धरले की प्रत्येक वेळी उडी निराळी पडते. डाव्या तळहातावर नुसती तोलून, खांद्याशी हलकेच टेकवून चालविली तेव्हा तिचेही छर्रे जवळ आले. मात्र त्यास पंधरा दिवस लागले.

नव्या बंदुकीच्या खोक्यावर सेकंदास हजार फूट वेग छापलेला असतो, आणि तरुणांची मती तेथेच गुंग होते. येथे आम्हांस कारकुनी कामास आली. छऱ्याचे वजन अर्धा ग्रॅम धरावे. वडिलांच्या बंदुकीचा वेग सेकंदास १७० मीटर मानला, तर जोर सात ज्यूलच्या आसपास येतो. वेग २८० मीटर केला तर जोर १९.६ ज्यूल होतो. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर; त्या वेगास जोर २३ ज्यूलच्या वर जातो. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या हवाई बंदुकीचा जोर २० ज्यूलहून अधिक नाही व नळीचा व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरहून अधिक नाही, तीच विनापरवाना ठेवता येते. मग खोक्यावरचा आकडा खोटा की बंदूक बेकायदा? बहुधा दोन्ही नाही. तो आकडा फार हलका छर्रा घालून काढलेला असतो; शिशाचा साधा छर्रा घातला की वेग उतरतो. तरीही विकत घेताना पावतीवर व्यास व जोर लिहून घ्यावा, आणि ती पावती सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकीच जपावी. कोणी ५.५ मिलिमीटरची बंदूक स्वस्तात देऊ केली तर परवान्यावाचून घेऊ नये.

राहिला शिकारीचा प्रश्न, आणि तोच मूळ प्रश्न होता.

धरणात पाणी साठले १९८० साली. आमचे जुने गाव पाण्याखाली गेले व आम्ही नव्या गावठाणात आलो. पुढच्या हिवाळ्यांत त्या पाण्यावर कधी न पाहिलेले पक्षी येऊ लागले. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब आले. मागाहून रोहितही आले. एके पहाटे आम्ही वडिलांची बंदूक घेऊन चाळीस पावलांवरून एका पट्टकादंबावर नेम धरला. वय पंधराचे. छर्रा लागला, हे पिसे उडाली त्यावरून कळले. तो पडला नाही. एक पंख ओढीत पाण्यात गेला, आणि थवा उडून गेल्यावर एकटाच मधोमध तरंगत राहिला. होडी नव्हती. आम्ही दुपारपर्यंत काठावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी तो तेथेच, परंतु काठाच्या अधिक जवळ होता, व तिसऱ्या दिवशी नव्हता. वडिलांना आम्ही हे सांगितले नाही.

नवी बंदूक असती तर तो जागीच मेला असता, असे पुतणा म्हणतो. आम्हांस तसे वाटत नाही. छर्रा हलका, हवेत त्याचा वेग झपाट्याने घटतो, वारा त्यास हलवितो. जोर दुप्पट झाला तरी मर्मस्थानी बसल्याखेरीज तो फक्त जखम करतो, आणि वीस पावलांवर बशीभर पसरणारा नेम चाळीस पावलांवर कोठे बसेल हे सांगावयास नको. विलायतेत अशा बंदुकीने ससे व रानकबुतरे मारतात, पण तेथेही जाणते लोक अंतर थोडे ठेवून डोक्यावरच नेम धरतात.

शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली; २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या याद्या नव्याने मांडल्या. भोरडी, साळुंकी, पोपट, बदके, हंस हे सारे त्या संरक्षणात येतात. पुष्कळांचा समज असा की पक्षी मेला तरच गुन्हा. तसे नाही. शिकार या शब्दात जखमी करणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा होतो, व हत्यार सरकारजमा होते. आमच्या माहितीतल्या एका मुलाने मळ्यात मारलेल्या पक्ष्याचे छायाचित्र मोबाईलवर मित्रांना पाठविले. ते फिरत फिरत वनखात्याच्या माणसापर्यंत गेले. त्या घराचे दोन उसाचे हंगाम तारखांना हेलपाटे घालण्यात गेले.

भोरड्यांसाठी माळा बांधून गोफण, डबे व चमकत्या फिती हेच उपाय आहेत. थोडे क्षेत्र असेल तर जाळी. भोरड्या टोळ व नाकतोडेही खातात, हेही हिशोबात धरावे. रानडुकरावर तर छर्रा चालवूच नये. त्यास तो बोचतो मात्र, आणि ते अंगावर येते. त्याने ऊस वा मका लोळविला तर वनखात्याकडे तातडीने अर्ज करून पंचनामा मागावा. नुकसानभरपाईची तरतूद आहे. अर्जात गट नंबर व बाधित क्षेत्र बिनचूक लिहावे. आमच्या टेबलावरून परत गेलेले बहुतेक अर्ज या दोन रकान्यांपायी परत गेले.

मग बंदूक कशास? कागदावर नेम धरण्यास, आणि फार तर धान्याच्या कोठीतील उंदरांस. त्यातही दगडी भिंतीवरून छर्रा उलटतो व डोळ्यास लागतो, म्हणून मागे पोते वा फळी असावी. उंदरांपुरतेच काम असेल तर पिंजरा स्वस्त पडतो. एवढ्याउपर बंदूक घ्यावयाचीच असेल, तर घरात जुनी असल्यास तिची वाटी व स्प्रिंग बदलून तीच वापरावी, नसल्यास मध्यम जोराची नवी घ्यावी; हजार फुटांच्या मागे लागू नये. छर्रा न घालता चाप ओढू नये, दट्ट्या थेट पोलादावर आदळून वाटी फुटते. लहान मुले असलेल्या घरात ती स्प्रिंग उतरवून कुलुपात ठेवावी, व छर्रे निराळ्या कुलुपात. आमच्या किल्ल्या हल्ली सूनबाईंकडे असतात.