टपावरचे कॅरिअर निवडताना: उंची कमी, पण वजनाचे काय?

नवी दिल्लीतील सरोजिनी नगरच्या बाजारात खरेदीची रीत ठरलेली आहे. वस्तू डोळ्यांत भरली पाहिजे आणि दुकानदाराने सांगितलेली किंमत घासाघीस करून निम्म्यावर आली पाहिजे. कपड्यांच्या बाबतीत ही रीत चालून जाते. उन्हाळ्याच्या सुटीत हिमाचल किंवा लडाखकडे निघालेली मंडळी गाडीच्या टपावरचे कॅरिअरही याच नजरेने घेतात, तेव्हा मात्र अडचण निर्माण होते.

गेल्या काही वर्षांत दिल्ली आणि परिसरात फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची हौस वाढली आहे. महिंद्राची नवी 'थार' २०२० मध्ये, तर मारुती सुझुकीची पाच दारांची 'जिम्नी' जून २०२३ मध्ये बाजारात आली. यांपैकी जिम्नी सरोजिनी नगरपासून फार दूर नसलेल्या गुरुग्रामच्या कारखान्यात तयार होते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि लाहौलचा रस्ता सोपा झाला. जागा कमी आणि सामान जास्त ही या गाड्यांची जुनीच तक्रार आहे. मागची आसने उभी असताना जिम्नीच्या डिकीत २०८ लिटर एवढीच जागा उरते. त्यामुळे चौघांच्या बॅगा, तंबू आणि अंथरूण-पांघरूण टपावर जाणे क्रमप्राप्त ठरते.

पूर्वी अशा वेळी उंच कठड्याचे, पिंजऱ्यासारखे लोखंडी कॅरिअर बसवले जात असे. आता त्याची जागा 'लो-प्रोफाइल' म्हणजे टपालगत बसणाऱ्या, सपाट आणि बसक्या कॅरिअरने घेतली आहे. ते दिसायला नेटके असते आणि त्याचे फायदेही खरे आहेत. मात्र ते फायदे नेमके कोणते आणि कोणते नाहीत, याविषयी ग्राहकांमध्ये बराच गैरसमज आढळतो.

आधी पुस्तिका, मग दुकान

कॅरिअरची निवड दुकानात सुरू होत नाही. ती गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेपासून सुरू होते. या पुस्तिकेतील दोन आकडे महत्त्वाचे असतात. एक, गाडीचे माणसे आणि सामान यांसह कमाल अनुज्ञेय वजन. दुसरा, टपावर ठेवता येणाऱ्या भाराची मर्यादा. पहिला आकडा वाहन नोंदणी प्रमाणपत्राशी पडताळून पाहता येतो. दुसरा बहुतेकांनी कधी वाचलेलाच नसतो.

जिम्नीचेच उदाहरण घेऊ. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे १,२०० किलो आणि कमाल अनुज्ञेय वजन १,५४५ किलो. म्हणजे माणसे, सामान आणि नंतर बसवलेल्या सर्व वस्तूंसाठी मिळून सुमारे ३४५ किलो उरतात. सरासरी ७० किलोची चार माणसे बसली की २८० किलो संपले. शिल्लक राहतात ६५ किलो. त्यात डिकीतील सामान, पिण्याचे पाणी, टपावरचे सामान आणि खुद्द कॅरिअर, हे सारे बसवायचे असते. मनाली-लेह मार्गावर दिसणाऱ्या कितीतरी गाड्या हा हिशेब केव्हाच ओलांडून पुढे गेलेल्या असतात.

टपाच्या मर्यादेचा आकडा आणखी धक्कादायक वाटेल. ऑस्ट्रेलियात सुझुकीने जिम्नीच्या टपासाठी दिलेली मर्यादा अवघी ३० किलो आहे. आपल्या गाडीसाठी अर्थातच आपल्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. पण या मर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही मोजले जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लोखंडी पाइपचे पूर्ण लांबीचे कॅरिअर सहज ३५ ते ४० किलो भरते. अशी मर्यादा असलेल्या गाडीवर ते चढवले, की एकही बॅग न ठेवता मर्यादा ओलांडली जाते. उलट, केवळ दोन आडव्या ॲल्युमिनियमच्या दांड्या बसवल्या तर त्यांचे वजन काही किलोंपुरतेच राहते आणि प्रत्यक्ष सामानासाठी थोडी तरी सवलत उरते.

कच्च्या रस्त्यावर ही सवलतही आक्रसते. गाडी खड्ड्यातून उसळते तेव्हा टपावरचे ३० किलो क्षणभर त्याहून कितीतरी अधिक जोराने खाली दाबतात. काही परदेशी कॅरिअर उत्पादक म्हणूनच डांबरी रस्त्यासाठी दिलेला आकडा खडतर वाटेसाठी दीडने भागावा असे सांगतात.

गुरुत्वमध्याचा हिशेब

बसके कॅरिअर घेतले म्हणजे गाडी उलटण्याचा धोका टळला, असे विक्रेते सांगतात आणि ग्राहकही मानतात. थोडे गणित करून पाहिले तर हे विधान फारसे टिकत नाही.

चार माणसांसह १,४८० किलो वजनाची एक गाडी घ्या आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आहे असे धरा. टपावरची मर्यादा क्षणभर बाजूला ठेवून तिच्यावर ५० किलोचा भार चढवा. उंच कॅरिअरमध्ये या भाराचा मध्य जमिनीपासून १९० सेंटीमीटरवर असेल, तर संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे ४.१ सेंटीमीटरने वर सरकतो. बसक्या कॅरिअरमुळे तोच भार १० सेंटीमीटर खाली आला, तर गुरुत्वमध्य ३.८ सेंटीमीटरने वर सरकतो. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. आता उंची तीच ठेवून भारातून २० किलो कमी करा. गुरुत्वमध्य केवळ २.३ सेंटीमीटरने वर जातो.

याचा अर्थ स्पष्ट आहे. उलटण्याचा धोका मुख्यतः वजन कमी केल्याने घटतो. कॅरिअरची उंची कमी केल्याने त्यात नाममात्र फरक पडतो. अरुंद आणि उंच बांधणीच्या गाडीसाठी चार सेंटीमीटर ही किरकोळ बाब नव्हे. एका बाजूला कललेल्या घाटरस्त्यावर किंवा अचानक स्टिअरिंग वळवावे लागल्यास गाडी सावरण्यासाठी असलेली फट मुळातच लहान असते. शिवाय बसक्या कॅरिअरमुळे गाडी सुबक दिसते, त्यामुळे तिच्यावर आणखी एखादी पेटी ठेवण्याचा मोह होतो. तो मोह उंच कॅरिअरपेक्षा अधिक घातक म्हणावा लागेल.

मग उंची कमी कशासाठी?

उंची कमी असण्याचा खरा लाभ वाऱ्याशी आणि अडथळ्यांशी संबंधित आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाताना हा विरोध चौपट होतो. दिल्ली-चंदीगड महामार्गावर उंच कॅरिअरचा शिट्टीसारखा आवाज काही वेळाने डोके उठवतो. खर्च होतो तो मात्र इंधनाच्या टाकीतून. अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, टपावरील कॅरिअर आणि त्यावरील सामान यांमुळे इंधनाचा वापर २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. प्रत्यक्ष वाढ सामानाचा आकार आणि वेग यांवर अवलंबून असते. टपालगत बसणारे आणि पुढच्या कडेला वारा वर वळवणारी पट्टी असलेले कॅरिअर हा तोटा कमी करते. प्रवास संपल्यावर कॅरिअर काढून ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय. पण रोज कार्यालयात जातानाही ते मिरवण्याची पद्धत पडली आहे.

दुसरा प्रश्न गाडी उभी करण्याचा. सरोजिनी नगरमधील रहिवाशांना तो चांगलाच परिचयाचा आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या या वसाहतीतील जुन्या बैठ्या इमारतींसमोर गाडी झाडाखाली उभी राहत असे. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगरसह दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. उंच इमारती आल्या की वाहनतळ तळघरात जातो. तळघराच्या उतारावर, तुळईखाली आणि अग्निशमनाच्या नळांखाली मिळणारी मोकळी उंची मर्यादित असते. बाजारालगत नवी दिल्ली नगरपालिका परिषदेने यांत्रिक बहुमजली वाहनतळ उभारला. अशा वाहनतळांत प्रत्येक कप्प्याची उंची आधीच ठरलेली असते.

जिम्नीची मूळ उंची १७२ सेंटीमीटर आहे. बसके कॅरिअर तिच्यात सात-आठ सेंटीमीटरची भर घालते. कठड्याचे कॅरिअर आणि त्यावरची बॅग मिळून ४० सेंटीमीटरही सहज वाढवतात. गाडी दुकानात नेण्यापूर्वी आपल्या वाहनतळाच्या प्रवेशद्वारावरील उंचीचा आकडा लिहून घ्यावा आणि सर्वांत खालची तुळई स्वतः फीत लावून मोजावी. फलकावरील आकडा आणि प्रत्यक्ष नळाची उंची यांत तफावत निघाल्यास नवल वाटू नये. सह्याद्रीतील जंगलवाटांवर तुळयांचे काम फांद्या करतात. तिथेही सपाट कॅरिअर सुटून जाते आणि उंच कठडा अडकतो.

पन्हळीपासून पोकळ पट्टीपर्यंत

कॅरिअर गाडीला धरते कुठे, हा निवडीतला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक मुद्दा होय.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीवरचे कॅरिअर अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २००३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. दादर किंवा बोरीबंदरला उतरलेल्या प्रवाशांच्या ट्रंका आणि वळकट्या त्या कॅरिअरने दशकानुदशके वाहिल्या. त्याचे पाय टपाच्या दोन्ही कडांना असलेल्या पन्हळीत घट्ट बसवलेले असत. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी केलेली ही पन्हळ पत्र्याच्या जोडावर येते, त्यामुळे तिथे मजबुती असते आणि टपाला छिद्र पाडावे लागत नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांना अशी पन्हळ उरलेली नाही. जिम्नी त्याला अपवाद आहे. त्यामुळे तिच्यासाठी पन्हळीत बसणारे कॅरिअर उत्तम. त्याला दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन पाय असावेत, म्हणजे भार विभागला जातो. पायाखाली रबराची पट्टी नसेल तर रंग खरवडतो आणि कोकणासारख्या खाऱ्या हवेत तिथूनच गंज सुरू होतो.

इतर गाड्यांवर टपाच्या बाजूने लांब पट्ट्या दिसतात. त्या खरोखर भार पेलण्यासाठी आहेत की नुसत्या शोभेच्या, हे पुस्तिकेत पाहावे. काही गाड्यांत त्या केवळ शोभेच्या असतात आणि पुस्तिका तसे बजावते. थारच्या हार्ड टॉपचा प्रश्न निराळाच आहे. तिचा टप म्हणजे सांगाड्यावर बसवलेले वेगळे आवरण आहे. ते पत्र्याच्या गाडीच्या टपासारखे अखंड नाही. अशा आवरणावर थेट भार टाकण्याऐवजी तो गाडीच्या सांगाड्यावर उतरवणारी रचनाच शोधावी लागते. कापडी टप असेल तर नेहमीच्या कॅरिअरचा विचारच सोडून द्यावा.

टपाला छिद्रे पाडून कॅरिअर बसवण्याचा सल्ला मिळाल्यास तो नाकारणे श्रेयस्कर. पाणी गळते, वॉरंटीवर वाद उद्भवतो, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे अनेक नव्या गाड्यांत टपाच्या कडेने अस्तरामागे पडद्यासारख्या एअरबॅग आणि त्यांच्या तारा असतात. जिम्नीच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आहेत. ड्रिलचे टोक कुठे जाते, हे बाहेरून दिसत नाही.

लोखंड, ॲल्युमिनियम आणि कायदा

दिल्लीत गाडीच्या साजासाठी करोल बाग आणि सुट्या भागांसाठी कश्मीरी गेट प्रसिद्ध आहे. तिथे तयार कॅरिअरही मिळते आणि मापानुसार वेल्डिंग करूनही मिळते. लोखंडाचे कॅरिअर स्वस्त, आणि मोडल्यास काझा किंवा केलाँगमधला वेल्डरही ते जोडून देऊ शकतो. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एकतृतीयांश असल्याने वजनाचा मोठा प्रश्न सुटतो, पण तडा गेल्यास ते सांधणारा कारागीर वाटेत सापडणे कठीण. वर केलेला हिशेब पाहता, लहान गाडीसाठी महाग असूनही ॲल्युमिनियमच योग्य ठरते. दोन दांड्यांवर भागत असेल तर पूर्ण चौकटीचा खर्च अनावश्यक आहे.

कायद्याची बाजू ग्राहक सहसा विचारत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. वाहनाच्या रचनेतील, मूळ वैशिष्ट्य बदलणाऱ्या फेरफाराला हे कलम 'बदल' मानते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सामान गाडीच्या बाजूंबाहेर किंवा पुढे-मागे मर्यादेपलीकडे आले, तर कलम १९४ नुसार २०,००० रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. नटबोल्टने बसणारे, काढता येणारे, गाडीच्या रुंदीच्या आत राहणारे आणि शक्यतो उत्पादकाच्या अधिकृत साहित्यातील कॅरिअर घेतल्यास वादाला जागा कमी राहते. वेल्डिंगने कायमचे जोडलेले कॅरिअर हा त्याच्या नेमका उलट प्रकार. खरेदीचे बिल जपून ठेवावे आणि विमा कंपनीलाही कळवावे.

टपावर काय ठेवू नये

एके काळी लाहौलमधील टांडीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक प्रवाशांचे लक्ष वेधून घेत असे. त्यातूनच टपावर पेट्रोलचे डबे बांधण्याची चाल पडली. २० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे १५ किलो, आणि डब्याचे वजन वेगळे. पाण्याचे तर लिटरला एक किलो. दोन्ही द्रव हिंदकळतात, आणि पेट्रोल उन्हात तापतेही. पाणी, हत्यारे, खाण्याचे डबे अशा जड वस्तू आसनांच्या मागे तळाशी घट्ट बांधाव्यात. टपावर जावे ते मोठे पण हलके सामान, जसे तंबू, झोपण्याच्या पिशव्या, गाद्या. ते सपाट पसरून, जाड पट्ट्याने बांधावे. ताणले जाणारे रबरी हूक केवळ ताडपत्री धरण्यापुरते वापरावेत.

नव्याने बसवलेल्या कॅरिअरचे बोल्ट पहिल्या काही तासांच्या हादऱ्यांनी थोडे सैल होतात. सरोजिनी नगरहून पहाटे निघालेल्या गाड्या साधारण साठ किलोमीटरवर मुरथळच्या ढाब्यांवर पराठ्यांसाठी थांबतातच. पराठे येईपर्यंत पाना घेऊन सहाही पाय एकदा आवळून पाहायला तेवढा वेळ पुरतो.