बैलाच्या कष्टाविना पिकणारा भात

२०१० साली ११ सप्टेंबरला रमजान ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आली होती. ईदचा दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो आणि कधीतरी भाद्रपदाला असा भेटतो.

ऋषिपंचमीचा नेम साधा आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. नांगरलेल्या शेतातला तांदूळ वर्ज्य, मग पानात येतो देवभात. तळ्यात, पाणथळीत आपोआप उगवणारा हा रानभात. संस्कृतात याला नीवार म्हणतात. ‘शाकुंतला’तल्या दुष्यंताला आश्रम जवळ आल्याची खूण पटते, तीही झाडांखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून.

सांडणे हा त्याचा स्वभावच. शेतातले भात कापणीपर्यंत लोंबीला धरून राहते. देवभात पिकला की गळतो. त्यामुळे वेळ साधून तो गोळा करावा लागतो. लांब कुसळे काढायची, उखळात कांडायचे, सुपात पाखडायचे. दाण्यावर लालसर कोंडा राहतो, म्हणून आधी भिजत घालून, नेहमीपेक्षा जास्त पाण्यात, मंद आचेवर शिजवायचा. सोबत अळू, सुरण, भेंडी, भोपळ्याची ऋषीची भाजी. मिळतो मूठभर, म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या पानात घासभरच. मॉलमध्ये ‘वाइल्ड राइस’ म्हणून मिळणारे काळे, लांब दाणे मात्र उत्तर अमेरिकेतल्या वेगळ्याच गवताचे.

रमजानमध्येही धान्याचा हिशेब असतो. ईदच्या नमाजापूर्वी गरिबाला फित्रा द्यायचा. आज तो बहुधा पैशात देतात, पण त्याचे माप धान्याचेच. एका उपवासात बैलाच्या श्रमाची आठवण, दुसऱ्यात उपाशी शेजाऱ्याची. ताटातले अन्न एकट्याचे नाही, हे दोन्ही सांगतात.

देवभाताला मालक नाही, हीच त्याची अडचण. आपण खातो त्या तांदळाचे मूळ अशाच रानभातात आहे. पण त्याचे बी कुणी कणगीत जपून ठेवत नाही. ते तळ्याच्या चिखलातच असते. तळ्यावर भराव पडला, की पुढच्या ऋषिपंचमीला वाढायला तो नसतो.