तिसरी गिटार

"अहो, दोन आहेत ना? तिसरी कशाला?" सौभाग्यवतींचा सवाल बिनतोड होता. पण वाचकहो, माझी टेलिकास्टर काय नि स्ट्रॅटोकास्टर काय, दोघी फेंडरच्याच लेकी! पिकअपमध्ये चुंबकाभोवती एकच वेटोळे. म्हणून विजेची गुणगुण दोघींच्याही पाठीस लागलेली. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली उलटसुलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांनी ती गुणगुण परस्पर मारली. शिवाय फेंडरच्या तारेची कंपणारी लांबी २५½ इंच, लेस पॉलची २४¾. तेवढाच ताण कमी. साठी ओलांडलेल्या आखडत्या बोटांना तो पाऊण इंच मोलाचा!

दुकानात लेस पॉल छेडली नि थांबलो. दोन सुरांमधली शांतता घरच्या गिटारींवर कधी ऐकलीच नव्हती. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "भिंतीला आणखी एक खुंटी ठोका."