परत फिरण्याची विद्या

कड्याच्या माणसाचा विमानाशी संबंध आजवर मान वर करून बघण्यापुरताच राहिला. आमच्याकडे रेल्वे पोहोचली तीच मुळी सप्टेंबर २०२२ मध्ये, नगर-आष्टी मार्ग सुरू झाला तेव्हा. २०१५ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून छोटी विमाने उडाली, त्या वेळी सारा मराठवाडा आभाळाकडे डोळे लावून बसला होता. आता मात्र चित्र बदलते आहे. सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर बारामती. तिथे वैमानिक घडवणाऱ्या शाळा आहेत. शिरपूर आणि गोंदियालाही त्या आहेत. आष्टी तालुक्यातली बारावी विज्ञानाची मुले ‘पायलट व्हायचंय’ असे घरात धीटपणे म्हणू लागली आहेत.

मध्यंतरी असाच एक पालक माझ्याकडे आला. “साहेब, तुम्ही बँकेत होता. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातोय. जमीन तारण ठेवावी का?” मी म्हणालो, “तारणाचं नंतर बघू. आधी ज्या शाळेत पोराला घालणार, तिची चौकशी करू.” ती चौकशी कशी करायची, हे सांगायचे तर आधी छोटे विमान उडते कसे, ते समजून घ्यावे लागेल.

विमान इंजिनाच्या जोरावर हवेत तरंगते, हा आपला पहिला गैरसमज. इंजिन विमानाला फक्त पुढे नेते. तोलून धरतात ते पंख, आणि पंखांना लागते वेगाने वाहणारी हवा. वैमानिकाने नाक प्रमाणाबाहेर वर उचलले, की हवा पंखाच्या पाठीला धरून वाहत नाही आणि पंखाची उचल एकदम ढासळते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. मोटार स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडले. विमान स्टॉल झाले म्हणजे इंजिन सुरू असूनही पंखांनी काम सोडले. यावर उपाय एकच, नाक खाली करून वेग परत मिळवायचा. जमीन जवळ दिसत असताना नाक खाली घालणे हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. म्हणून ते भरपूर उंचीवर, शिक्षक शेजारी बसवून, पुन्हा पुन्हा गिरवून घेतात.

शिकाऊ वैमानिकांच्या पिढ्या ज्यावर घडल्या ते ‘सेसना १५२’ घ्या. दोन आसने, ११० अश्वशक्तीचे इंजिन आणि माणसे-इंधन धरून कमाल वजन सुमारे ७५७ किलो, म्हणजे एखाद्या लहान मोटारीइतके. इंजिन बंद पडले तरी ते दगडासारखे पडत नाही. ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेग राखला आणि वारा नसला, तर हजार फुटांवरून अडीच किलोमीटर तरंगत जाते. तेवढ्यात शेत निवडायचे असते. पण उड्डाण होताच इंजिन बंद पडले तर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह घातक ठरतो. तीव्र वळणात विमानाला स्टॉल टाळण्यासाठी जास्त वेग लागतो; साठ अंश कललेल्या विमानाला सुमारे ४१ टक्के जास्त. म्हणून शिकवण अशी, की समोर जे मोकळे रान दिसेल तिथे उतरा.

आमच्या उन्हाळ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. हा पठारी पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर. दुपारी पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ते जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरून उडत असते. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. सकाळी दोघांना घेऊन सहज उठलेले विमान दुपारी तेवढ्याच वजनाला कुरकुरते.

आमच्या बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत आणि त्या दोघांकडे असत. ही व्यवस्था कुणाच्या अप्रामाणिकपणावर नसून माणसाच्या विस्मरणावर आणि मोहावर उभी आहे. अशा विमानाच्या इंजिनातही ठिणगी देणारी यंत्रे दोन असतात, आणि उडण्यापूर्वी प्रत्येक वेगळे तपासले जाते. टाकीतले थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून त्यात पाणी नाही ना, हे बघतात. दहा हजार तास उडालेला वैमानिकही तपासणीची यादी हातात घेऊन वाचतो. पाठ आहे म्हणून सोडत नाही. उड्डाणाआधीचे १२ तास मद्य वर्ज्य, हा आपल्याकडचा नियम.

तरीही अपघात होतात. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाचे एक शिकाऊ विमान वैनगंगेवर आडव्या बांधलेल्या तारेला धडकले. शिक्षक आणि शिकाऊ दोघेही गेले. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरचे विमान चोपडा तालुक्यातील वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. शिक्षक दगावले, जखमी विद्यार्थिनीला आदिवासी बांधवांनी झोळीतून डोंगराखाली आणले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. आणि २८ जानेवारी २०२६ ची सकाळ तर महाराष्ट्र विसरणार नाही. बारामतीला उतरताना उपमुख्यमंत्री अजित पवार यांचे विमान कोसळले आणि विमानातील पाचही जण गेले. त्याची कारणे सांगणे हे तपास यंत्रणेचे काम; पारावर बसून आपण निकाल देऊ नये.

पण एक गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्याकडे माघारी फिरणाऱ्याला भित्रा म्हणतात. ‘चल रे, काही होत नाही’ हे आपले लाडके वाक्य. एसटीचा चालक घाटात धुके बघून थांबला तरी आपण मागून आवाज देतो. विमानविद्या याच्या नेमकी उलट आहे. धावपट्टी नीट दिसली नाही, वेग जमला नाही, तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे, हा तिथे शिस्तीचा भाग आहे. त्यात कमीपणा नाही. हवा बिघडली तर उडायचेच नाही, हा निर्णय तर जमिनीवर, चहा पिता पिता घेता येतो.

म्हणून त्या पालकाला मी प्रश्न लिहून दिले. विमानांची देखभाल कोण करते? किती विद्यार्थ्यांमागे किती शिक्षक? परवान्याला लागणारे २०० तास पूर्ण व्हायला मुलांना प्रत्यक्षात किती महिने लागतात? डीजीसीएने २०२५ पासून अशा संस्थांची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीत ही शाळा कुठे बसते? आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘आज मला हवा बरी वाटत नाही, मी उडणार नाही’ असे विद्यार्थी म्हणाला, तर त्याला तिथे काय ऐकावे लागते? याचे उत्तर कार्यालयात विचारू नका, तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा.

तो म्हणाला, “आणि नोकरीचं?” तोही प्रश्न रास्तच आहे. जमीन तारण ठेवणाऱ्याने तो विचारायलाच हवा. पण कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या पोराला घरातून एवढे मात्र स्पष्ट सांगितलेले असावे, की एखादे उड्डाण रद्द झाल्याने महिना लांबला तरी चालेल, फी वाढली तरी बघू. पण आमच्या पैशाच्या काळजीने तू वाईट हवेत उडू नकोस.