दहावीची बॅच भेटवायचीय? तारीख अशी ठरवा

तिसगावकरांनो, स्नेहमेळाव्यासाठी दिवाळीची सुटी उत्तम. पुण्या-मुंबईचे नोकरदार गावी असतात. पण आपल्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्याही याच सुमारास कारखान्यांकडे निघतात. म्हणून तारीख पक्की करण्याआधी त्या मित्रांना विचारा. ते नसतील तर बॅच अपुरीच!

आपल्या राज्यात अकरावी मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ साली झाली. त्या पहिल्या बॅचला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली. त्यांना आणि गुरुजींना मानानं बोलवा.

हजेरी जुन्या क्रमानं घ्या, सरांच्याच आवाजात. जेवण साधंच ठेवा: बाजरीची भाकरी, झणझणीत आमटी, ठेचा, जिलेबी. वर्गणी ऐच्छिक ठेवा, म्हणजे पैशापायी कुणी मागं राहणार नाही. उरलेल्या पैशांतून शाळेला पुस्तकं द्या.